शिवकन्येची तीन चाकं

१

निजामाच्या राज्यातल्या फसली तेराशे त्रेपन्न साली, खुर्दाद महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, खांबेगावातल्या एका घरातून जी वस्तू चोरीला गेली, तिचा उपयोग असणारं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते नऊ वर्षांचं होतं. शेषेरावाच्या धाकट्या मुलीची, शिवकन्येची, चाकांची खुर्ची. दोन मोठी चाकं बाजूंना, एक लहान पुढे, वेताची बैठक, हातांनी चाक लोटलं की चालणारी. तापात पाय गेल्यापासून चार वर्षं ती पोर अंगणात हातांवर सरकत होती. खुर्ची आली आणि अकरा दिवस ती गावभर हिंडली. बाराव्या दिवशी खुर्ची नव्हती.

चोरीला कारण लागतं. सोनं नेणाऱ्याला सोनं हवं असतं, बैल नेणाऱ्याला बैल. धडधाकट माणसाने पांगळ्या मुलीची खुर्ची का न्यावी, हा प्रश्न तालुक्याच्या ठाण्यातल्या जमादाराला पडला आणि पडल्या पडल्याच त्याने तो उचलून बाजूला ठेवला. ज्याचा उपयोग नाही ते कोणी नेत नाही, त्याअर्थी नेलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. पण तक्रार घेऊन आलेल्या प्रेमलाबाई जागच्या हलेनात. शेवटी उर्दूत तीन प्रतींत अर्ज झाला. पुढच्या गुरुवारी खुद्द अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, येऊन गावातलं घर न् घर धुंडाळतील, असं ठरलं.

प्रेमलाबाई नांदेडला मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या. आजोळ खांबेगाव. सुट्टीत त्यांनी या पोरीला अंगणातल्या मातीत बोटाने बाराखडी काढताना पाहिलं आणि तिला शाळेच्या बोर्डिंगात न्यायचं मनावर घेतलं. बोर्डिंगचा नियम असा की मुलीने खोलीतून वर्गात कोणाच्या मदतीवाचून आलं पाहिजे. मग बाईंनी वर्षभर चिठ्ठ्या लिहिल्या, तेव्हा हैदराबादच्या एका संस्थेने कोण्या साहेबाच्या मुलाची जुनी खुर्ची रेल्वेने धाडली. जागा अमरदादच्या, म्हणजे जूनच्या सुमाराच्या महिन्याच्या, पहिल्या तारखेपर्यंत राखून ठेवलेली. वयाची हद्द नऊ. म्हणजे यंदा गेली तर गेली, नाहीतर कधीच नाही.

ठाण्यातून निघून बाई थेट मुदखेड जंक्शनवर रेणुकादासांकडे आल्या. रेणुकादास तिथे पार्सलबाबू. खुर्ची त्यांच्याच सहीने सुटली होती. हरवलेली पार्सलं शोधण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्यामागे काही मोठी अक्कल नव्हती. शंभरातली नव्व्याण्णव पार्सलं निघालेलीच नसतात, एवढं त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी बाईंच्या अर्जाची नक्कल दोनदा वाचली.

"तक्रार तुमची आहे," ते म्हणाले. "मुलीच्या बापाची कुठे आहे?"

"ते नको म्हणाले. झालं गेलं सोडा म्हणाले."

रेणुकादासांनी चश्मा काढून पुसला. घरातली खुर्ची जाते आणि घरधनी सोडा म्हणतो, हे त्यांच्या नोकरीत तरी कधी घडलं नव्हतं. पार्सल न मिळालेला माणूस शिव्या देतो. शिव्या न देणारा माणूस एकच, ज्याला ते मिळालेलं असतं.

२

मुदखेडहून खांबेगाव अडीच कोस. रेणुकादास पोचले तेव्हा शेषेराव ओसरीवर घोंगडी झटकत होता. पाहुणा म्हणून त्याने ती अंथरली, आणि पुढचा अर्धा तास खुर्चीखेरीज बाकी सगळ्यावर बोलला. लढाई कधी संपणार, घासलेट कधी मिळणार, बैलाचा खूर. गुणाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, गुळाचा चहा आणला. थोरली मुलगी महानंदा दाराआडून डोकावून गेली. तिच्या हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या होत्या.

चोरी कशी झाली ते रेणुकादासांना तुकड्यातुकड्यांनी मिळालं. सोमवारी खुर्ची ओसरीवर होती. मंगळवारी निलंग्याचे पाहुणे महानंदेला बघायला आले. ते गेल्यावर पाहिलं तर खुर्ची नाही. पाहुण्यांची गडबड, कोण आलं कोण गेलं, काय सांगावं. सिद्धराम सुतार मात्र आधी दोनदा येऊन चाकांची मापं घेऊन गेला होता, एवढं गुणाबाईने आपणहून सांगितलं.

रेणुकादास अंगणात उतरले. दारापासची माती माणसांनी आणि शेळ्यांनी तुडवून काढली होती, पण गोठ्याच्या बाजूला कोणी फिरकत नसावं. तिथे चाकांच्या तीन रेघा अजून स्पष्ट होत्या. त्या गोठ्याच्या कोपऱ्याकडे जात होत्या. तिथे चार हात जमीन नुकतीच शेणाने सारवलेली, आणि रेघा त्या सारवणाच्या काठाशी संपत होत्या. ओसरीचं सारवण मात्र पोपडे धरून निघालं होतं. पाहुणे ओसरीवर बसतात, गोठ्यात नव्हे.

एवढं पाहून ते परत ओसरीवर आले. खुंटीला एक कंदील होता. त्याच्या कडीला दहाबारा हात सुंभ बांधून गुंडाळलेलं. काच काजळीने काळी. रेणुकादासांनी त्याकडे पाहिलं, मग आणखी चहा मागितला, कारण विचार करायला तेवढंच निमित्त होतं.

"मुलगी कुठे आहे?"

"मुखेडला हाय, मावशीकडं," शेषेराव म्हणाला. "गाडी गेल्याचं लई मनाला लावून घेतलं. म्हणून धाडली."

तेवढ्यात आत, कोठीच्या बंद दारामागे, कोणीतरी खोकलं. लहानसं, दाबून धरलेलं, आणि मग आणखी एकदा.

"मांजर हाय," गुणाबाई म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

३

सिद्धराम सुताराच्या छपरात शिरताच रेणुकादास थबकले. भिंतीला दोन चाकं टेकवलेली होती, बरोबर त्याच मापाची.

जवळ जाऊन पाहिलं तर ती बाभळीची होती. सिद्धराम मान वर न करता रंधा मारत राहिला. चोरीचा आळ आपल्यावर आहे हे त्याला सकाळीच कळलं होतं आणि त्याचं त्याला विशेष काही वाटलं नव्हतं. सुतारावर एरवी आळ येतो तो वेळेवर काम न दिल्याचा. हा निदान नवा होता.

त्याने सांगितलं ते असं. गावात पाय गेलेल्या पोरी दोन. दुसरी गुरम्माची नात. एकाच साली, एकाच तापात. साहेबाची खुर्ची एकीला आली, दुसरीला कुठून येणार? म्हणून तो बघून बघून लाकडाची करत होता. चाकं झाली, बैठकही होईल. अडलं ते आसापाशी. पुढचं चाक वळतं कसं, ते उघडून बघायचं राहिलं होतं. दोन दिवसांनी ये, असं शेषेराव म्हणाला होता. दोन दिवसांनी खुर्चीच नव्हती.

"म्हणजे ती नाहीशी होऊन तुझं काम अडलं."

"अडलंच की. दोघीबी बसल्या जमिनीवर. एका चोरीत दोन गाड्या गेल्या बाबू, एक झालेली अन् एक व्हायची."

आता उरली गुरम्मा. कारण म्हणाल तर तिच्याकडे सगळ्यांत मोठं होतं. मुलगा-सून हैजाच्या साथीत गेलेले, नात पदरात, आणि रोज डोळ्यांपुढून शिवकन्या खुर्चीत बसून जायची. म्हातारी उंबऱ्यात शेंगा फोडत होती. नात तिच्यामागे गोणपाटावर पालथी पडून टरफलांचे बैल मांडत होती. घर एका खोलीचं. त्यात खुर्ची लपवायची तर म्हातारीला बाहेर झोपावं लागलं असतं.

रेणुकादासांनी चारदोन इकडचे तिकडचे प्रश्न विचारले. गुरम्माने कशालाच सरळ उत्तर दिलं नाही. गावात दुसऱ्या कोणी दिलं असतं असंही नाही. खांबेगावात भांडणं पुष्कळ होती, बांधावरून डोकी फुटत. पण पोरीची सोयरीक जुळत असताना त्या घराबद्दल परक्यापुढे अवाक्षर काढायचं नाही, हा दंडक वैरीसुद्धा पाळत. सोयरीक मोडणाऱ्याच्या घरची पोर उजवत नाही, अशी समजूत होती. आणि पोरी सगळ्यांनाच होत्या. जुळवणारा मध्यस्थ निलंग्याहून येऊन शेषेरावाच्या समोरच्याच घरात उतरला होता.

ते उठले तेव्हा म्हातारी शेंगांवरून नजर न काढता म्हणाली,

"चोर शोधू नगा बाबू. शोधलात तर घावंल."

४

कोठीला मागच्या बोळाकडून हातभर उंचीचा झरोका होता. दुपारी गाव पेंगत असताना रेणुकादास त्याखाली जाऊन उभे राहिले आणि पन्नाशीच्या सरकारमान्य माणसाला शोभणार नाही अशा रीतीने त्यांनी "मांजर" अशी हाक मारली.

"मी शिवकन्या हाय," आतून आवाज आला. "तुम्ही पार्सलवाले ना? बाईंनी सांगितलं व्हतं, तुम्ही गाडी लई जपून उतरवली."

रेणुकादासांनी ती उतरवताना पाहिलीदेखील नव्हती. 

पोरीने भराभर सांगितलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आईने तिला इथे आणून बसवलं. खोकू नको म्हणाली. पांगळी बहीण दिसली तर निलंग्याचे लोक म्हणतील, या घराच्या रक्तात खोट हाय, हिच्या पोटी बी तशीच निपजतील. पाहुणे गेले, पण होकार आला, म्हणून मग मध्यस्थ ऱ्हायला. आता साखरपुडा, मग लग्न. तवर इथंच. जेवण येतं. पाटी दिलेली हाय.

"गाडी कोणी नेली ते पाहिलंस?"

"न्हाई. ऐकली." ती झरोक्याखाली सरकली. "दाराच्या उंबऱ्यावरून जाताना ती दोनदा आदळती. आधी पुढचं चाक, मग मागची. त्या दिशी आदळली न्हाई. भिंतीच्या कडंनं गोठ्याकडं गेली अन् थांबली. परत आली न्हाई. मला गोठ्यापर्यंत जाऊ देत न्हाईत. तुम्ही बघा."

गावात चौकशी करणाऱ्या माणसाला पहिला नीट जबाब मिळाला तो असा, झरोक्यातून.

"आन् बाबू," ती म्हणाली, "बुधवार झाला, गुरुवार झाला, आज शुक्रवार. अमरदादला किती दिस ऱ्हायले?"

चाळीस राहिले होते. रेणुकादासांनी सांगितले. मग ते वळले तर बोळाच्या तोंडाशी शेषेराव उभा होता.

५

शेषेराव वळला. चालत गोठ्याकडे गेला आणि त्या नव्या सारवणाच्या काठाशी उकिडवा बसला. रेणुकादासही बसले. दोघांनी बैलाकडे पाहिलं.

"ओसरीवर कंदील आहे," रेणुकादास म्हणाले. "त्याला दहा हात दोर बांधलाय. हातात धरायच्या कंदिलाला दोर लागत नाही. आडात कोणी कंदील सोडत नाही. दिवा दोराने खाली सोडतात ते पेव उघडल्यावर. विझला तर आतली हवा मारणारी, माणूस उतरवायचा नाही. तुम्ही काल-परवा पेव उघडलंत. चाकांच्या रेघा इथवर येतात, इथून पुढे जात नाहीत. घर सारवायला सवड नव्हती, पण जनावराखालचे हे चार हात सारवलेत. खुर्ची तुमच्या बुडाखाली आहे, शेषेराव."

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत रांजणासारखं फुगलेलं. तोंडावर शिळा ठेवून माती लोटली आणि सारवलं की वर बैल बांधावा, कळत नाही.

"दोन दिसांसाठी ठिवली व्हती," शेषेराव म्हणाला. "एक चाक काढून उतरवली. पाहुणे गेले की काढणार व्हतो. पोरीची आण."

"मग काढली का नाही?"

शेषेराव नखाने सारवण उकरू लागला, मग ध्यानात येऊन त्याने ते हाताने पुन्हा सारखं केलं.

आदल्या दिवशी, गुरुवारी, खबर आली की गिरदावर, म्हणजे ज्वारी वसूल करणारा सरकारी अंमलदार, शेजारच्या गावात उतरला. लढाईचे दिवस; सरकार शेतकऱ्याकडून ठरल्या भावाने ज्वारी उचलत होतं, आणि जो दडवेल त्याला कैद. शेषेरावाची सगळी मिळून चौदा पोती. त्यात लग्न, बी आणि वर्षाचं खाणं. भर दुपारी, गाव निजलेलं असताना, नवराबायकोने ती पेवात ओतली. गुणाबाईने आठवण केली होती, खाली गाडी हाय म्हणून. शेषेराव म्हणाला होता, असू दे, ती काय ज्वारी खाती का.

"आता गिरदावर चावडीत मुक्कामाला हाय. मध्यस्थ समोर. चौदा पोती उपसल्याबिगर गाडी निघत न्हाई, अन् उपसली की म्या आत. ज्वारी जाती, सोयरीक जाती." तो रेणुकादासांकडे न पाहता म्हणाला, "तुम्ही शिकलेले. सांगा, मी काय करू. सांगाल तसं करतो."

रेणुकादासांचं काम पार्सल सापडलं की संपत असे. पुढे ते कोणाच्या हवाली करायचं हे पावतीवर लिहिलेलं असायचं. इथे हक्कदार तिघं होते, बाप आणि दोन्ही मुली, आणि पावती कुठेच नव्हती. ते धूळ झटकून उठले.

जाताना ते झरोक्याखाली थांबले. टाळता आलं असतं. पण तक्रार खरी कोणाची, हे आता कळलं होतं.

"सापडली," ते म्हणाले.

"मग आणा."

"आत्ता निघत नाही." आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, पेव, ज्वारी, गिरदावर, कैद. मोठ्या माणसाला सांगावं तसं.

 बहिणीसाठी पोर आता मन मोठं करील, असं रेणुकादासांना वाटलं. मोठ्यांना लहानांकडून ती आशा फार असते.

"ताईचं मोडू द्या," शिवकन्या म्हणाली. "तिला दुसरा मिळंल. बापाला किती दिसांची कैद?"

"सहा महिने असतील."

"मग सुटून यील की. चालत यील."

६

अमीनसाहेब गुरुवारी यायचे होते. घर न् घर धुंडाळायचं म्हणजे गोठाही आला, आणि अमीन कितीही आळशी असला तरी त्याच्याबरोबरच्या शिपायांना सारवणाखाली काय असतं ते कळत होतं, तेही खेड्यांतलेच. म्हणून बुधवारपर्यंत अर्ज मागे घ्यायला हवा होता, आणि तो बाईंच्या सहीचा होता.

प्रेमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पार्सल-ऑफिसात आंब्यांच्या करंड्या होत्या, त्यांतल्या एकीवर त्या बसल्या होत्या.

"म्हणजे घरातल्या तिघांचं भलं व्हावं म्हणून चौथीने जमिनीवर राहायचं," त्या म्हणाल्या.

"मी भलं म्हणालो नाही, बाई."

"मग तुम्ही काय म्हणताय?"

"अर्ज ठेवलात तर खुर्ची मिळेल, की तीही मुद्देमाल म्हणून ठाण्यात जाईल, हे मला सांगता येत नाही. आणि बाप आत गेल्यावर तिला बोर्डिंगात धाडायची सही कोण करणार?"

बाईंना हे सुचलं नव्हतं. बोर्डिंगच्या अर्जावर बापाची सही लागत होती, आणि ती मुलीला घेऊन येताना त्याने समक्ष करायची होती. त्या बराच वेळ करंडीतल्या गवताच्या काड्या मोडत बसल्या. मग त्यांनी कागद मागितला.

जमादार खूश झाला. त्याने अर्जावर मोठ्या अक्षरात शेरा मारला की सदर वस्तू गहाळ झालेलीच नाही. तो त्याच्या कारकिर्दीतला पहिलाच शेरा असावा जो अक्षरशः खरा होता.

बाईंनी मग हैदराबादला लिहिलं, दुसरी खुर्ची मिळेल का. महिन्याभराने उत्तर आलं. संस्थेने रीतसर ठाण्याकडे चौकशी केली होती. पहिली खुर्ची गहाळ नसल्याचं ठाणं कळवतं, सबब दुसरी देता येत नाही. बाईंनी बोर्डिंगात स्वतःच्या खोलीत मुलीला ठेवून घेण्याचीही परवानगी मागितली. नियम सगळ्यांना सारखा, असं कळवण्यात आलं. अमरदादच्या पहिल्या तारखेला ती जागा देगलूरच्या एका मुलीला मिळाली. मुलगी हुशार होती. स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

सिद्धरामाने पुढचं चाक डोक्याने बसवून पाहिलं. ते सरळ जाई, वळत नसे. गुरम्माच्या नातीने भिंतीवर तीनदा आपटून घेतलं आणि पुन्हा बसायला नकार दिला. बाभळीची चाकं रहाटाला लागली.

७

महानंदेचं लग्न ज्येष्ठात झालं. कोठीचं दार त्या दिवशीही बंद होतं. गिरदावर हलेपर्यंत आषाढ निम्मा सरला. घाईत बसवलेल्या शिळेखालून तोवर पेवात पाणी उतरलं होतं. उघडलं तेव्हा कंदील दोनदा विझला. तिसऱ्या दिवशी उतरता आलं. वरची सहा पोती काळी पडली होती, मधल्या ज्वारीला हातभर कोंब, आणि तळाशी, कुजलेल्या ज्वारीच्या लगद्यात, खुर्ची. वेत हाताला लागताच सुटला. गंज खाऊन चाक आसाला असं धरून बसलं होतं की सिद्धरामाने हातोडा मारला तेव्हा चाक न सुटता आसच मोडला. शेषेरावाने लोखंड लोहाराकडे धाडलं. त्याचं खुरपं झालं.

पंचमीला महानंदा माहेरी आली. रेणुकादास त्याच दिवशी प्रेमलाबाईंनी धाडलेली पुस्तकं पोचवायला आले होते. आता दडवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून शिवकन्या ओसरीवर होती, खांबाला टेकून. महानंदा आईच्या शेजारी जात्यापाशी बसली होती आणि दळण थांबलं होतं.

ती हलक्या आवाजात सांगत होती. निलंग्याच्या घराला माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, एक खोली आहे. तिला कुलूप असायचं. लग्नाला सोळा दिवस झाल्यावर सासूने किल्ली दिली, जेवण वर नेऊन दे म्हणाली. आत नणंद. चौदा वर्षांची. कमरेखाली लुळी. बघायला आले तेव्हा मध्यस्थाला ठाऊक होतं, आणि त्यांच्या गावाला तर होतंच.

गुणाबाईने पदर तोंडाला लावला. शेषेराव उठून गोठ्याकडे गेला. रेणुकादासांनी पुस्तकांची सुतळी सोडायला घेतली आणि ती काही केल्या सुटेना.

"तिला सरकता येतं?" शिवकन्येने विचारलं.

"येतं थोडं," महानंदा म्हणाली. "लई रगत निघतं गुडघ्यातून."

शिवकन्येने परकर वर करून आपले गुडघे पाहिले.

"तिला सांग, फडकं बांधू नको. फडकं चार दिसांत फाटतं. गोणपाट बांध, दुहेरी. अन् ऊन चढायच्या आत सरकून घे. माळवद तापतं."

मग तिने रेणुकादासांच्या हातातली सुतळी मागितली आणि दातांनी गाठ सोडली.